बिनगाठीची

दिवाळी उलटली की लष्करात रुई उडू लागते.
दौलतगंजात रमजानीच्या मशिनीपुढे
जुन्या रजया पोट उसवून पडलेल्या असतात,
आणि त्याच्या भुवया दर वर्षी
दोन महिन्यांपुरत्या म्हाताऱ्या होतात.

आम्ही दोघी जावा गच्चीवर खोळ अंथरतो.
कुंदावहिनी मधोमध, मी कडेनं.
कापूस पसरायचा, काठीनं थापटायचा,
मग गुडघ्यांवर सरकत
वितीवितीवर एक दोरा आरपार, आणि गाठ.
गाठ नसेल तर कापूस पळतो.
पौषापर्यंत सगळा पायाशी जमतो
आणि छातीवर नुसतं कापड उरतं.

वीस हिवाळे अशाच गाठी मारल्या.
निरगाठ तिची, सुरगाठ माझी.
(माझी सुटायची, गिऱ्हाईक परत यायचं, ती हसायची.)

गेल्या भाद्रपदात ती टेकडीवरच्या इस्पितळात राहून आली.
सव्वा महिना. भाऊजींनी
गाठीला असलेलं सगळं तिथे मोजून दिलं.
आली ती हलकी होऊन,
ब्लाउज एका बाजूला सैल,
डोक्याला माझा जुना मफलर.
घरात आम्ही सगळे एक शब्द चुकवून बोलत होतो,
रस्त्यातलं उघडं गटार चुकवावं तसा.
शेजारणीसुद्धा गाठीभेटीला न येता
नुसत्या भेटायला येत.
शेवटी तिनंच तो उच्चारला, सुई ओवता ओवता:
"यंदा गाठ नको गं. एकही नको.
बटणं लावू."

टोपी बाजारात गिर्राज बटणं तोलून देतो,
मोडीत निघालेल्या शिंपीदुकानांची.
"जोडी मत मिलाना, भाभीजी, नहीं मिलेगी."
शाळेच्या सदऱ्यांची पांढरी, बँडवाल्यांची पितळी,
एक लाल, कुणाच्या तरी स्वेटरचं,
त्यावर दुधाच्या दातांचे व्रण.
वहिनीनं परातीत ओतली,
तांदळातले खडे बघावेत तशी बघितली.
दोन भोकांची बाद, ती गिरकी घेतात.
चार भोकांची घेतली.

एक वर, एक खाली,
मधे तीन बोटं कापूस,
आणि एकच दोरा
चारदा जाऊन चारदा आलेला.
मग तो बटणाच्या मानेशी गुंडाळायचा
आणि टोक कापसात खोल सोडून द्यायचं.
मी म्हटलं, सुटलं तर?
"सुटलं तर सुटलं. पुन्हा लावता येतं.
गाठ कापावी लागते."

मुरारच्या सुभेदारांकडून एक परत आली:
रात्री टोचते, शिवाय धाकट्यानं
बटण उपटून तोंडात घातलं.
दोन दिवस वहिनी बोलली नाही.
मग पोरांच्या रजयांना कापडाचे गोळे,
माझ्या जुन्या परकराचे, घट्ट वळलेले.
बाकीच्या अकरा खपल्या.
पितळी बटणांची बँडवाल्यांनीच नेली.

तिची स्वतःची सगळ्यात शेवटी झाली,
मार्गशीर्ष संपता संपता.
जांभळी खोळ. सात ओळी, ओळीत नऊ.
दोरे कातरताना मी मोजली, सवय आहे.
बासष्ट.
डावीकडे, वरून दुसऱ्या ओळीत, एक जागा मोकळी.
राहून गेलं असेल म्हणून मी डब्यात हात घातला,
तर तिनं झाकण लावलं.
"असू दे. तिथे कापसाला जरा फिरू दे."

परवा पहाटे धुकं इतकं, की किल्ला नव्हताच.
चहा घेऊन वर गेले.
वहिनी कुशीवर झोपलेली,
रजई ओढून कानापर्यंत,
आणि गालावर एक गोल ठसा,
आत चार ठिपके, लालसर.
डोक्यावर मफलर नव्हता.
बोटभर केस आले होते, पिंजल्यासारखे.

मी कप बशीनं झाकला.
खाली गिर्राजचा पोरगा हाका मारत होता,
पाव किलो आणलीत, बघून घ्या,
सगळी चार भोकांची आहेत की नाही.