एक टाळी कमी होती

कुडचड्याला बाजारात, मासळीच्या शेडला पाठ लावून
माझं दुकान. पाटीवर नाव नाही, नुसतं ‘टेलर’.
एकोणऐंशी साली पाच जण एकदम आत शिरले:
मिंगेल, बोस्त्यांव, फेलिक्स, लुर्दिन
आणि ड्रमवाला पुंडलीक, दिवसा खाणीवर ट्रक चालवायचा.
म्हणाले, शाबी, रेकॉर्ड काढतोय. डिस्को.
आम्ही चकाकलो पाहिजे.

चकाकणारं कापड मडगावात एकाच दुकानी मिळे,
नवरात्रीच्या मखरासाठी मागवलेलं.
मी अख्खा तागा उचलला.
पँटचा घेर सव्वीस इंच,
पुंडलीकचा वीस. पेडलमध्ये अडकला असता.
त्या साली देवी लाल साटिणीत झुलली.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रेकॉर्डिंग चांदरच्या शाळेत, रात्री,
खिडक्यांवर गाद्या उभ्या करून.
खनिजाची मालगाडी आली की सगळ्यांनी थांबायचं,
वाघिणी मोजायच्या, पुन्हा सुरू.
मी बोस्त्यांवची उसवलेली शिवण घालत होतो.
फेलिक्स म्हणाला, टाळी पातळ पडते, एक माणूस कमी आहे.
तोंडातल्या टाचण्या काढ आणि ये.

दोनवर आणि चारवर, एवढंच.
पण माझे हात भजनातले, ते समेवरच जायचे.
शेवटी लुर्दिनने माझं मनगट धरलं:
एकला दाबून ठेवी, दोनला सोडी,
तीनला दाबी, चारला सोडी.
अशी दोन कडवी.
तिसऱ्यात तिची ओळ आली, ती माइककडे गेली,
आणि मी, मोकळ्या मनगटाचं काय करायचं ते न कळून,
एक टाळी उशिरा मारली.
परत घ्यायला टेप उरली नव्हती.

मग सात आठवडे पहिला नंबर.
रेडिओवर, सलूनमध्ये, फेरीबोटीत.
फेस्ताच्या बँडने तेच गाणं कर्ण्यांवर वाजवलं
तेव्हा पाद्री नुसता चष्मा पुसत राहिला.
कव्हरवर पाच नावं.
मला एक रेकॉर्ड मिळाली. वाजवायला यंत्र नव्हतं,
तिच्याभोवती खडू फिरवून मी टोप्यांचे गोल आखले.
पुष्कळ वर्षं.

गेल्या मे महिन्यात सावर्ड्याच्या हॉलमध्ये लग्न.
डीजेने ते गाणं लावलं, नवं करून,
टाळ्या यंत्राच्या, इस्त्री मारल्यासारख्या सरळ.
तिसरं कडवं आलं.
नाचणारे सगळे, नवरीच्या माम्या, घामाघूम काका,
हात हवेत धरून थांबले, एवढंसंच,
आणि यंत्राच्या मागाहून वाजवली.
पुंडलीकचा नातू आत्ता कुठे दहावीला.
त्यालाही बरोबर तिथेच थांबता येतं.

मी जेवणाच्या रांगेत होतो, एका हातात ताट.
मला वाजवता आली नाही.