वार जुळतात

सकाळी आठच्या आत बसावं लागतं.
नंतर बोडीवरचे पंप सुरू होतात,
व्होल्टेज उतरतं, आणि पडद्यावरची अक्षरं
हिवताप भरल्यासारखी थरथरतात.

आधी डब्यावर हात ठेवते.
छत्तीस वर्षं उपकेंद्रात काढली, ताप हातानंच कळतो.
पंखा धाप टाकतो, मग एक लांब शिट्टी.
घड्याळाचा सेल कधीच मेला.
त्याला रोज सांगावं लागतं आज काय वार ते,
खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगावं तसं.

'कुबेर जमाखर्च', आवृत्ती तीन.
धान, गॅस, किराणा, दवाखाना, आहेर,
बावीस वर्षं सगळं यातच.
धंतोलीतल्या ज्या ऑफिसातून सीडी आली
तिथला नंबर आता एक बाई उचलतात:
"डबा एक वेळचा की दोन वेळचा?"
भाव विचारून ठेवला.

एकतीस डिसेंबर दोन हजार पंचवीसला
सालांची यादी संपली.
खालचा बाण दाबला. टुण्.
पुन्हा दाबला. टुण्.
बनवणाऱ्या पोराला तेव्हा वाटलं असेल,
इतक्या पुढचं कोण पाहतं.

मुलगी हैदराबादेहून म्हणते, आई, मोबाइलमधलं घे.
घेतलं. त्यानं आधी माझे मेसेज मागितले,
मग फोनमधली माणसं,
मग विचारलं, कर्ज हवं का?
काढून टाकलं.

सिंदेवाहीचा प्रफुल गुरनुले आला.
मशीन उघडून पालीची दोन अंडी बाहेर काढली.
चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.
गाडीला किक मारता मारता म्हणाला,
"काकू, मांगच्या कोन्त्या सालात लिवून टाका नं.
त्याले काय समजते!"

लसीच्या जुन्या पेटीत, तळाला अंथरलेलं,
एक कॅलेंडर निघालं. अठ्ठ्याण्णवचं.
एक जानेवारी, गुरुवार. यंदाही गुरुवार.
बोट फिरवत डिसेंबरपर्यंत गेले.
एकही वार हलला नव्हता.

तेव्हापासून मी अठ्ठ्याण्णवात लिहिते.
अठ्ठ्याण्णवात सिलिंडर साडेनऊशेचं आहे,
फोनला रिचार्ज लागतो,
आणि दुसरीतली पोर
हैदराबादेहून विमानाचं तिकीट पाठवते.

खरं अठ्ठ्याण्णव या मशीनीत नाही.
कुठंच नाही.
एक तारखेला सही करायची,
पाकीट न उघडता घरी आणायचं,
फळीवर ठेवायचं, मामंजींच्या चष्म्याशेजारी.
संध्याकाळी फळीवर चष्माच असायचा.
एसटीच्या तिकिटाला पैसे मागताना
कुठं, कशाला, परत कधी, सगळं सांगायचं.
तालुक्यात रजिस्टरं माझी पहिली यायची.
पगार चार हजार एकशे बारा होता की तेरा,
आता आठवतही नाही.

काल जमा टाकली:
सन १९९८, मार्च, सव्वीस हजार चारशे.
शेऱ्याच्या चौकटीत दर महिन्याला 'पेन्शन' लिहिते.
काल बोटं थांबली.
लिहिलं, 'माझे.'
टुण् वाजलं नाही.

नव्व्याण्णव रिकामं आहे, दोन हजारही,
थेट तीनपर्यंत.
चारला माझीच माझ्याशी गाठ पडेल, त्याच रकान्यांत,
कोण सरकणार ते तेव्हा बघू.

पंप सुरू झाले वाटतं.
अक्षरं हलायला लागलीत.
दुधाचे बहात्तर राहिले टाकायचे.