टिंब

बुधवारी जुन्या बाजारात
हनीफ मणेर गोणपाटावर चिल्लर ओततो
आणि वजनावर विकतो.
चार आणे, दहा पैसे, वीस पैशांचे षटकोन,
ज्यांना आता मारुतीच्या पेटीतही मान नाही.

मी उकिडवी बसते. गुडघे कुरकुरतात.
पीएमटीच्या रोकड खात्यात एकतीस वर्षं
कंडक्टरांच्या पिशव्या रिकाम्या करून घेतल्या मी,
स्वारगेटला, जाळीच्या खिडकीमागे.
वीस-वीसच्या चळती, बोटं काळी,
डबा उघडायच्या आधी दोनदा साबण.
तेव्हा नाण्याला तोंड नव्हतं, नुसती बेरीज होती.
तोंड दिसायला लागलं निवृत्तीनंतर,
भाच्याने दिलेल्या दहापट भिंगातून.

सालाखाली बघायचं, एवढंच.
हिरा असला तर मुंबई.
चांदणी, हैदराबाद.
टिंब, नोएडा.
आणि काहीच नसलं तर कलकत्ता:
ती मोकळी जागा हीच तिची सही.
(आमच्याकडे एक भडकमकर होते,
पावतीवर सही करायला विसरायचे,
आणि त्यावरूनच कळायचं, पावती त्यांची.)

पण मी शोधते ते वेगळं.
पंचवीस पैसे, गेंड्याचे.
टिंब सालाच्या मधोमध नाही,
शेवटच्या आकड्याच्या टाचेला टेकलेलं.
साच्यावर कुणाचा हात केसभर सरकला असेल,
जेवणाची घंटा झाली असेल.
अशी किती पडली, मला तरी ठाऊक नाही.
वहीत मी त्याला 'टाचेचं' म्हणते.
अकरा वर्षं ते पान कोरं.

त्या बुधवारी सापडलं.
नाणं उन्हाला तिरकं धरायचं;
सरळ धरलं तर नुसतं चकाकतं,
उंचसखल कळत नाही.
गेंडा, त्याचं शिंग, साल,
आणि टाचेशी ते.
छातीत कुणीतरी डबल बेल मारली.

गुपचूप किलोभर घेतलं असतं
तर त्यात तेही आलं असतं.
पिशवी उघडून धरली होती मी, हेही सांगून टाकते.
पण संध्याकाळच्या हिशेबात
चार आणे जास्त निघाले तरी
घरी न जाता पुन्हा मोजणारी बाई मी.
हाताला ते जमेना.

"हनीफ, हे बघ."
त्याने भिंग एका डोळ्याला लावलं, मग दुसऱ्या.
"बाई, दोन्हीकडं धुकंच आहे. ऑपरेशन दिवाळीनंतर.
तुम्हीच सांगा काय आहे ते."
मी सांगितलं.
तो ऐकत राहिला, गावाकडचं पत्र
कुणाकडून वाचून घ्यावं तसा.
"मग दोनशे द्या," म्हणाला,
आणि नोटा बोटांनी चाचपून खिशात टाकल्या.

घरी, नाना पेठेत, टेबलाच्या दिव्याखाली
पुन्हा पाहिलं.
टिंब आहे.
किंवा मळ आहे,
कुणाकुणाच्या खिशातला, तंबाखूचा, घामाचा
एक कण, नेमका टाचेशी येऊन बसलेला.
टाचणीने टोकरलं तर कळेल.
चिंचेच्या पाण्यात टाकलं तर लगेच कळेल.
पण घासलेलं नाणं मेलं,
असं गल्लीतल्या पोरांना मीच दरडावते.

दिवाळीनंतर हनीफकडे नेईन.
तोवर कागदी पाकिटात ठेवलंय,
वर पेन्सिलीने लिहिलंय: टाचेचं?
घाईत त्या प्रश्नचिन्हाचं टिंब
जरा बाजूला पडलंय.