ऐनवेळचे विषय

महिन्याचा शेवटचा शनिवार, सकाळची शाळा सुटलेली.
पाचवीच्या वर्गात, लहान बाकांवर
मोठी माणसं गुडघे दुमडून बसतात.
खिडकीतून पर्वतीच्या पायऱ्या दिसतात, त्याखाली पत्रे, पत्र्यांवर दगड.
अध्यक्ष सुदाम ओव्हाळ रिक्षा फाटकात लावून येतात
खाकी शर्टाचं वरचं बटण लावत.
उपाध्यक्ष शेवंताबाई तोडकर अंगठा द्यायच्या,
जूनपासून सही करतात. सहीला दोन मिनिटं लागतात.
आम्ही थांबतो.

अक्षर बरं म्हणून इतिवृत्त माझ्याकडे.
एकोणीस वर्षं, चार रजिस्टरं.
त्यातून शिकलेलं व्याकरण एवढंच
की सभेत कुणी काही करत नाही,
सगळं करण्यात येतं.

विषय एक. मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.
विषय दोन. तांदळात किडे आढळले, चाळून घेण्यात आला.
(मंदाताईंनी चाळला, पदर तोंडाला बांधून, दोन दुपारी.
रजिस्टरात मंदाताई नाहीत.)
विषय तीन. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी प्रस्तावित आहे.
गेल्या मार्चपासून प्रस्तावित आहे.
तोवर एक मुलगी आत, एक बाहेर पहाऱ्याला.
विषय चार. शिष्यवृत्तीचे जादा तास, लेझमीची दुरुस्ती,
प्रेम लोखंडेची सायकलच्या चाकाची पाणचक्की
पुढच्या फेरीत गेली. टाळ्या झाल्या.
टाळ्या लिहायची पद्धत नाही.

विषय पाच. स्नेहसंमेलन. शुक्रवार, सकाळी अकरा.
पाहुणे, नारळ, शाली, मंडप.
मंजूर होतच होतं,
तेवढ्यात अल्फिया उठली. सातवी ब, विद्यार्थी सदस्य.
नियमाप्रमाणे तिला बसता येतं, बोलता येतं,
मत देता येत नाही.

"शुक्रवारी अकराला अम्मी सहकारनगरात तिसऱ्या घरी असते.
पाचवीत मी म्हैस होते, सहावीत वडाचं झाड.
तिनं दोन्ही बघितलं नाही.
पुढच्या तीन रांगा पाहुण्यांच्या, मागे आमचीच मुलं.
रविवारी संध्याकाळी ठेवा ना."

निवंगुणे म्हणाले, रविवारी शिपायाची सुट्टी.
घोलप सर म्हणाले, परिपत्रक बघावं लागेल.
मंडपवाल्याचा रविवारचा दर निघाला.
ओव्हाळ गप्प. रविवारी लग्नाची भाडी असतात.
शेवंताबाई बाकाकडे बघत म्हणाल्या,
"मी आजवर एकबी संमेलन बघितलं न्हाई.
आन मी उपाध्यक्ष हाये."

चहा आला. खारी आली.
घोलप सरांनी सांगितलं, लिहा बाई :
ऐनवेळचा विषय असल्याने पुढील सभेत ठेवण्यात यावा.
पुढील सभा संमेलनानंतर आहे.
हे सगळ्यांना माहीत होतं. अल्फियालाही.
ती नखानं बाकावरची कुणाची तरी जुनी शाई खरवडत होती.

मी टोपण काढलं.
सवयीनं हात 'सूचना मांडण्यात' इथवर गेला, थांबला.
ते खोडलं. लिहिलं :
अल्फिया बागवान म्हणाली की,
आणि तिचं सगळं, म्हशीसकट.

रजिस्टर सह्यांना फिरलं.
ओव्हाळ सहसा वाचत नाहीत. आज वाचलं,
पेन उचलून धरलं.
"बाई, शुक्रवार कापा.
रविवारचं फाटक मी उघडतो."
घोलप सर पुन्हा परिपत्रक म्हणाले, पण हळू.

सूचक कोण? शेवंताबाई. अनुमोदक ओव्हाळ.
"सूचक तर मी होते," अल्फिया म्हणाली.
तुला होता येत नाही, मी म्हटलं. वरच्या ओळीत आहेस, बघ.
ती आली, बोट ठेवून वाचलं,
माझं एकोणीस वर्षांचं बरं अक्षर.

"फि ऱ्हस्व, बाई."

मी दीर्घ खोडला,
नियमाप्रमाणे समासात
छोटी सही केली.