उजवा दंड

डंडीत आज हार उतरलाय.
समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात,
आणि मी अजून कुणाला समजावू शकलेले नाही
की आमच्याकडे हा शब्द गळ्यात घालतात,
नाहीतर पत्करतात.
टे नदीवरचा पूल निम्म्यात पुसलाय.
बाविसावा आठवडा.
कार्डिगनची बाही कोपराच्या वर सरकत नाही,
म्हणून अख्खं कार्डिगनच काढून बसलेय.

"कुठला हात?" इशबेल विचारते.
मी डाव्या कुशीवर झोपते, सांगते,
मिडवाइफनं सांगितलंय तसं.
"मग उजवा," हिशेब मिटवल्यासारखी ती म्हणते,
तरी तिची नजर क्षणभर थांबते
डाव्या दंडावरच्या बीसीजीच्या वणापाशी,
मसुरीएवढ्या,
बार्शीच्या सरकारी दवाखान्यातल्या.

"कशासाठी देतेय, ठाऊक आहे ना?"
आहे. इंग्रजी नाव पत्रातच होतं.
पण पोटात गोळा आला तो मराठी नावानं:
डांग्या.
एखाद्या उनाड पोराचं असावं तसं नाव,
दारात उभं राहून
तान्ह्यांना खेळायला बोलावणाऱ्या.

काल फोनवर आई म्हणाली, घे, मुकाट्यानं घे.
मग म्हणाली, मला झालेला.
बाई यायची गाढवीण घेऊन गल्लीत,
दारातच पिळून द्यायची,
चमचाभर दूध, आणि भाव मात्र तुपाचा.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, माझ्याआधी एक होता.
सव्वा महिन्याचा.
आत्या यायची म्हणून बारसं लांबवलेलं.
तेहतीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकत होते.
त्याला दूध मिळालं होतं का,
हे विचारायचं राहिलं.

इशबेलला मी गाढविणीचं सांगते. फक्त तेवढंच.
ती सुई ट्रेमध्ये ठेवून हसते.
तिच्या आजीला, आर्ब्रोथला,
गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढलं होतं,
एका मामाच्या हातातून दुसऱ्या मामाच्या,
खोकला गाढवाकडेच राहावा म्हणून.
राहिला?
"आजी राहिली," ती म्हणते,
"गाढवाचं कुणी विचारलं नाही."
आम्ही हसत असतानाच कधीतरी
सुई आत जाऊन बाहेर येते.

जन्मल्यावर आठ आठवडे त्याला त्याची लस नाही.
तोवर तुझंच, ती कापूस दाबत म्हणते.
पुरेल?
"बहुतेकदा पुरतं."
मला तिचं बहुतेकदा आवडलं.
छातीठोक बोलणाऱ्यांनीच मला
आजवर जास्त फसवलंय.

बाहेर खुर्चीवर एक म्हातारा खोकतो,
साधाच खोकला, सिगारेटचा,
आणि माझा हात आपोआप पोटावर.
झबली शिवायची आहेत अजून.
कुंची तर या गावात कुणाला येणार!
पण बाळंतविड्यातला पहिला जिन्नस
आत तयार व्हायला लागलाय,
त्याला ना काजा ना बटण,
आणि घालून बघायची सोय नाही.

रात्री दंड ठणकतो.
निनाद विचारतो, शेकू का?
नको, नुसता दिवा घालव.
आत कुणीतरी पाय झाडतंय,
इतक्या जोरात की चादर हलते.

आईला लिहिते: घेतली.
तिकडे पहाटेचे चार, तरी ती जागी.
कुठल्या हातावर?
उजव्या.
आणि मग, अंधारात, अंगठ्यानं एकेक अक्षर शोधत:
त्याला दूध मिळालं होतं का गं?

ती लिहीत असल्याचं दिसतं.
थांबतं. पुन्हा दिसतं.
खिडकीला हार टेकलाय,
पुलावरून गाडी जाते ती नुसती ऐकू येते.

मग उत्तर:
गाढवीण त्या आठवड्यात आलीच नाही म्हणे.
झोप आता.
उजवीकडे वळू नकोस.