दोनशे पाचवा

मार्डिस ट्वेटचं इंटरनेट धान्याच्या कोठारावर राहतं,
एकशे चाळीस फूट वर, कबुतरांच्या शेजारी.
पूर्व मोंटानातल्या त्या गावात एवढं उंच दुसरं काही नाही.
वाऱ्याला भाडं नाही.

पत्ते मात्र भाड्याचे.
बिलिंग्जच्या मोठ्या कंपनीकडून घेतलेला
दोनशे छप्पन्न आकड्यांचा एक गठ्ठा,
करार मोडला की परत.
मग एका रात्रीत सगळ्या गावाचं बिऱ्हाड पाठीवर:
शाळा, गुरांचा डॉक्टर, बँकेची ती एकच खिडकी.

स्वतःचे हवेत? अर्ज करा.
दुसऱ्या कंपनीच्या तारेचा करार जोडा.
(दुसरी कंपनी म्हणते, आधी स्वतःचे पत्ते आणा.
आपल्याकडची वेडाची आणि लग्नाची म्हण
मार्डिसला माहीत नाही,
पण गेले आठ महिने ती त्या म्हणीतच राहते आहे.)
येत्या वर्षात किती लागतील, तेही लिहा.
येत्या वर्षात गिल्बर्टसनांची सून बाळंत होईल,
पेट्रोल पंप बहुतेक बंद पडेल.
हे कुठल्या रकान्यात?

आणि आहेत त्यातले शंभरात ऐंशी
वापरात असल्याचं दाखवा.
म्हणजे दोनशे पाच.

रात्री ती एकेका आकड्याला हाक मारत बसली.
हाकेला ओ आली की फुली.
लायल म्हणाला, कोठाराच्या वजनकाट्याला दे एक,
दफनभूमीच्या फाटकाला दे, कोण बघायला येतंय?
ती काही बोलली नाही. कॉफी गार झाली.
दोनशे चार.

मग एक ओ आली, लांबून, अडखळत:
आर्न रुस्टाड.
नोव्हेंबरात त्याला पुरलं तेव्हा
जमीन इतकी गोठली होती की आधी शेकोटी पेटवावी लागली.

सकाळी ती स्पोकेनला फोन लावते, मुलाला.
बंद करू का रे वडिलांचं?
नको, तो म्हणतो, बिल मीच भरतो ना.
स्वयंपाकघरात थर्मामीटर लावलाय.
दिवसातून दोनदा बघतो
रिकाम्या घराला थंडी वाजते का.
पाइप फुटतील म्हणून, तो घाईने पुढे म्हणतो.

तिने फुली मारली.
अर्ज गेला.

सात आठवड्यांनी उत्तर आलं, सभ्य, दोन ओळींचं:
यादीतला शेवटचा ग्राहक
प्रत्यक्ष वापर करत असल्याचा पुरावा पाठवावा.

बाहेर उणे एकोणीस.
मार्डिस पडद्याचा फोटो काढते, जोडते,
खाली काय लिहावं ते सुचत नाही,
म्हणून फक्त आकडा लिहिते:
घरात शेहेचाळीस अंश.