उणे नऊ

बाण वर जातो, खाली येतो.
आडवा म्हणून सरकत नाही.

रामबागेत, पावगींच्या चष्म्याच्या दुकानात
मी दुपारी दोनपासून गुडघ्यांवर.
टेबलाखाली वायरींचा गुंता, एक सुटी दांडी,
अठ्ठ्याण्णवची विंडोज
आणि तिच्याही आधीची धूळ.

पावगी म्हणतात, 'बंद करून चालू कर.'
केलं.
'परत कर.'
केलं.
हिरवी गोल पिन काढली, सहाही काड्या सरळ होत्या.
फुंकर मारली, बसवली.
चालू यंत्रात बसवली तर ते ओळख देत नाही,
म्हणून पुन्हा बंद, पुन्हा चालू,
तेच निळं आभाळ, तेच ढग,
तोच बाण, लिफ्टमनसारखा वर-खाली.

सेफ मोडमध्ये गेलो. चित्रं मोठी झाली, दुखणं तेवढंच.
जेल रोडवरून नवा माऊस आणला, पोटाखाली लाल दिवा असलेला.
विंडोज म्हणाली, सीडी घाला.
सीडी पावगींच्या मेहुण्याबरोबर देवासला गेली
ती आलीच नाही.
मेहुणा दर दिवाळीला येतो.

आकड्यांच्या बटणांनी बाण हलवता येतो, तेही करून पाहिलं.
डावीकडे न्यायला चार लागतो.
चारवर कधीतरी चहा सांडलेला.
टॅब, टॅब, एंटर करत यादीपर्यंत पोचलो,
अकरा हजार गिऱ्हाइकं, नावं आडनावांसकट,
पण नंबर उघडतो तो
डाव्या कोपऱ्यातल्या चष्म्याच्या इवल्या चित्रावर
टिचकी मारली तरच.
प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराला वाटलं असेल, छान दिसेल.
दिसतंही छान.

बाकावर गेंदालालजी.
सियागंजात जिऱ्याची दलाली.
सकाळी चष्मा खाली पडला, चष्म्यावर पोतं.
उणे नऊ, किंवा साडेनऊ, त्यांना आठवत नाही.
हमालाच्या पोरानं हात धरून इथवर आणलं.
डोळे तपासणारे डॉक्टर गुरुवारी येतात,
आज सोमवार.
'भिया, तू पावगीजी का लड़का है क्या?'
तिसऱ्यांदा सांगतो, नाही, रिपेअरवाला, शौचे.

शेवटी माऊस उताणा केला,
झाकण फिरवलं, गोळी तळहातावर आली,
राखाडी, रबरी, वाटते त्याहून जड.
आत डोकावलो. काही दिसेना.
चाळिशी लागलीय मला, चष्मा घरी
(चष्म्याच्या दुकानात हे बोलायला लाज वाटली).
पावगींनी दोन फ्रेमी बदलल्या, मान हलवली.

'इदर ला,' गेंदालालजी म्हणाले.
नाकापासून चार बोटांवर धरला,
खडा आहे का बघायला
मूठभर जिरं धरावं तसा.
सगळं इंदूर ज्यांना धुकं होतं
ते त्या बोगद्यात शांतपणे बघत राहिले.
'रुई है. पीली. पतले वाले डंडे पे.'

स्क्रू उचलायचा चिमटा त्यांनीच मागितला.
तंतू निघत गेला, निघत गेला,
वीतभर.
फ्लॅनेल.
इंदुताई बिडवई काचा पुसायच्या
आणि त्याच हातानं माऊस धरायच्या, एकोणीस वर्षं.
मार्चमध्ये त्यांनी काम सोडलं.
पावगींनी तंतू कागदावर ठेवला, पंखा बंद केला,
आणि म्हणाले, 'कापड बदलून द्यायला हवं होतं.'

गोळी आत, झाकण बंद.
बाण डावीकडे गेला.
एवढ्या वेळानंतर इतका साधा गेला
की मी त्याला उगाच दोनदा नेला.

उजवा उणे नऊ, डावा उणे साडेआठ, सहा वर्षांपूर्वीचा.
'डोळे पुढे गेले असतील,' पावगी म्हणाले.
'गुरुवार तक रस्ता दिख जाए, बस.'

मी यंत्र बंद केलं. काळ्यावर नारिंगी अक्षरं आली,
आता बटण दाबायला हरकत नाही म्हणून.
पावगी ती वाचत उभे राहिले, ओठ हलवत,
मग माझ्या पैशांतून
नव्या माऊसचे कापून घेतले.